कुम्हारी कोणत्या फांदीवर?

रायपूरहून दुर्गकडे जाणारी आगगाडी खारून नदी ओलांडते आणि थोड्याच वेळात कुम्हारी हे स्थानक येते. गाव लहान. एका अंगास छत्तीसगडची राजधानी आणि दुसऱ्या अंगास भिलाईचा तो पोलादाचा कारखाना, ज्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली. या दोहोंच्या मध्ये असल्यामुळे प्रवाशाचे लक्ष कुम्हारीकडे सहसा जात नाही. परंतु या पुस्तिकेचा जो विषय आहे, त्यासाठी याहून सोयीचे गाव शोधून मिळणे कठीण.

कुम्हारी कोठे आहे, असे महसूल खात्याच्या कारकुनास विचारले तर तो सांगेल : छत्तीसगड राज्य, दुर्ग विभाग, दुर्ग जिल्हा. टपालखात्याचा मनुष्य एवढेच म्हणेल : ४९००४२. रेल्वेचा अधिकारी सांगेल की हे स्थानक रायपूर मंडलात मोडते आणि ते मंडल बिलासपूरला मुख्यालय असलेल्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेत मोडते. तिघांचीही उत्तरे बरोबर आहेत. तिघांच्या मनात तीन निरनिराळी झाडे आहेत आणि प्रत्येक झाडाला कुम्हारी नावाचे एकेक पान आहे.

अशा झाडांशी आज आपला संबंध येतो तो मुख्यतः संगणकाच्या पडद्यावर. कोणताही सरकारी अर्ज भरावयास घ्या. प्रथम राज्य निवडा, मग जिल्हा, मग तालुका, मग गाव. गावाचे नाव लिहिण्याची मुभा बहुधा नसतेच. पडद्यावर उलगडणाऱ्या यादीतून ते वेचावयाचे असते. त्या यादीत जे गाव नाही, ते त्या अर्जापुरते अस्तित्वातच नाही, असे म्हणावे लागते. शिष्यवृत्ती असो, शिधापत्रिका असो वा पीकविमा असो, गाव सापडले नाही की अर्ज तेथेच अडतो. म्हणून ही झाडे यंत्रात कशी साठवितात आणि पडद्यावर कशी मांडतात, हा प्रश्न केवळ आज्ञावली लिहिणाऱ्यांचा राहिलेला नाही.

प्रथम झाड म्हणजे काय ते पाहू. संगणकशास्त्रातील झाड उलटे असते. मूळ वर, फांद्या खाली. गीतेच्या पंधराव्या अध्यायातील अश्वत्थ ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. गणितात ‘झाड’ हा शब्द आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८५७ साली रूढ केला. झाडातील प्रत्येक ठिकाणास मराठीत काय म्हणावे, यावर मतभेद होतील. ‘गाठ’ हा शब्द सुचविला जातो, परंतु गाठ म्हटली की गुंता आठवतो. उसाचे ‘पेर’ मला अधिक जवळचे वाटते. पेरावर डोळा असतो आणि त्या डोळ्यातून नवा कोंब फुटतो. येथेही नेमके तेच घडते. एका पेरातून जी पेरे फुटतात ती त्याची अपत्ये आणि ज्यातून ती फुटली तो त्यांचा जनक. ज्यास अपत्य नाही ते पान. नियम दोनच. मूळ सोडून प्रत्येक पेरास एक आणि एकच जनक असतो, आणि कोणत्याही पेरापासून जनकाजनकाने वर चढत गेल्यास आपण मुळाशी पोहोचतोच. वाटेत फिरून त्याच ठिकाणी येत नाही.

आता कुम्हारीच्या पत्त्याचा इतिहास पाहा. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला आणि त्याचा कारभार नागपुराहून चालू लागला. दुर्ग ही त्या वेळी रायपूर जिल्ह्यातील एक तहसील होती; दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १९०६ साली झाला. १९५० मध्ये प्रांताचे नाव मध्य प्रदेश झाले, राजधानी नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळ झाली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य निघाले. गाव जागचे हालले नाही. त्याच्या डोक्यावरचे झाड मात्र पुनःपुन्हा बदलत गेले.

ही माहिती यंत्रात कशी ठेवावी? सर्वांत भोळा मार्ग म्हणजे प्रत्येक गावापुढे त्याचा संपूर्ण पत्ता लिहून ठेवणे. छत्तीसगडात सुमारे वीस हजार गावे आहेत. या पद्धतीने २००० सालच्या त्या एका दिवशी वीस हजार ओळी खोडून नव्या लिहाव्या लागल्या असत्या, आणि वीस हजार ओळींत काही चुकणार नाही असे कोण म्हणेल? दुसरा मार्ग असा की, प्रत्येक पेरास एक क्रमांक द्यावयाचा आणि त्याच्यापुढे फक्त त्याच्या जनकाचा क्रमांक लिहावयाचा. समजुतीपुरते क्रमांक घेऊ :

१ — भारत — जनक नाही
२ — मध्य प्रदेश — जनक १
३ — दुर्ग जिल्हा — जनक २
४ — कुम्हारी — जनक ३

छत्तीसगड झाले त्या दिवशी ‘५ — छत्तीसगड — जनक १’ अशी एक नवी ओळ घालावयाची आणि दुर्गच्या ओळीत जनक २ च्या जागी ५ लिहावयाचे. कुम्हारीच्या ओळीस हातही लावावा लागत नाही. नव्या राज्यात त्या वेळी सोळा जिल्हे होते. म्हणजे सोळा आकडे बदलले की वीस हजार गावे आपोआप नव्या राज्यात जातात. १९५६ चा बदल याहून निराळा आहे. त्या वर्षी कुम्हारीची फांदी हाललीच नाही. हालली ती नागपूरची. कुम्हारीच्या दृष्टीने बदलली ती फक्त मध्य प्रदेशाची राजधानी, आणि राजधानी हा त्या पेराचा एक गुण आहे, जनक नव्हे. रचनेतील बदल कोणता आणि गुणातील बदल कोणता, हे ज्यास ओळखता आले त्याचे निम्मे काम झाले.

क्रमांक कशासाठी, नावाने काय बिघडते, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बिलासपूर जिल्हा छत्तीसगडात आहे आणि हिमाचल प्रदेशातही आहे. आपल्या कोकणात रायगड आहे आणि छत्तीसगडात रायगढ आहे. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात किती आहेत, ते मोजण्याचे धाडस मी करणार नाही. शिवाय नावे बदलतात : २०२३ साली औरंगाबाद जिल्ह्याचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. नाव हे पेराच्या गळ्यातील पाटीसारखे आहे. पाटी बदलली म्हणून पेर बदलत नाही. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत राज्यापासून गावापर्यंत प्रत्येक घटकास स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे, तो याच कारणास्तव. त्यात छत्तीसगडचा आकडा २२ आणि महाराष्ट्राचा २७.

साठवणुकीची आणखी एक रीत आहे आणि तिचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण एका मराठी माणसाने देशास दिले आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे पंडित, त्या भाषेत काव्ये व नाटके लिहिणारे. नोकरी मात्र डाक-तार खात्यातील. देशातील टपालाच्या वाटणीसाठी सहा आकड्यांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून अमलात आला तो त्यांच्या योजनेनुसार. या क्रमांकात झाड लपलेले आहे. ४९००४२ मधील पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा मिळून एक प्रदेश. ४९ म्हणजे त्यातील छत्तीसगड. ४९० म्हणजे भिलाईच्या परिसराचा वाटणी-जिल्हा. उरलेले ०४२ हे कुम्हारीचे टपालघर. म्हणजे मुळापासून पानापर्यंतची सारी वाट पानावरच लिहिलेली आहे. जनक शोधण्यासाठी कोणतेही कोष्टक उघडावे लागत नाही. उजवीकडचे आकडे झाकले की जनक दिसतो. पुण्याचे ४११ आणि भिलाईचे ४९० एकाच मुळाचे, हे नुसत्या दृष्टिक्षेपात कळते. ग्रंथालयात काम करणाऱ्यांस ही रीत जुनीच आहे. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात ८९१.४६ या आकड्याखाली मराठी साहित्य येते, तेही असेच एकेक आकडा उतरत.

या रीतीचे दोष दोन. एका आकड्याच्या घरात दहाच्या वर फांद्या मावत नाहीत. आणि फांदी उचलून दुसरीकडे लावावयाची झाल्यास तिच्यावरील प्रत्येक पानाचा क्रमांक बदलावा लागतो, म्हणजे त्या मुलखातील प्रत्येक पाकिटावरचा पत्ता. सुदैवाने छत्तीसगडच्या वाट्यास ४९ हा भाग आधीपासूनच आलेला होता. त्यामुळे राज्याचे झाड २००० साली बदलले तरी टपालाचे झाड होते तसेच राहिले. स्थिर झाडाला पिनकोडाची रीत लावावी आणि ज्यात वरचेवर बदल होतात त्यास जनकाची. बहुतेक ठिकाणी एवढा विवेक पुरतो.

साठवणुकीकडून आता पडद्याकडे वळू. पडदा हा मुळात ओळींचा असतो. वरून खाली ओळींखाली ओळी. तेव्हा झाड पडद्यावर आणणे म्हणजे झाडाची यादी करणे होय. ही यादी कशी करावी हे आपल्याकडील कुलवृत्तांत चाळणाऱ्यास सांगावयास नको. मूळ पुरुष प्रथम. मग थोरला मुलगा. लगेच धाकटा नव्हे, तर थोरल्याचा सारा वंश पुरा करावयाचा आणि मगच धाकट्याकडे यावयाचे. प्रत्येक पिढीस ओळ थोडी उजवीकडे सरकवावयाची. संगणकास हेच काम एका आज्ञेत सांगता येते : ‘या पेराचे नाव लिही, आणि त्याच्या प्रत्येक अपत्याबाबत हीच आज्ञा पुन्हा पाळ.’ आज्ञा स्वतःलाच हाक मारते, म्हणून ती दहा ओळींच्या आत मावते, आणि झाड तीन पिढ्यांचे असो वा तीसचे, तिच्यात बदल करावा लागत नाही. मात्र कोष्टकात चुकून एखाद्या पेराचा जनक त्याचाच नातू असा लिहिला गेला, तर त्या फांदीवरून सुरू केलेली ही आज्ञा कधीच संपणार नाही. यास्तव फांदी हलविण्याची मुभा देताना नवा जनक हा त्याच फांदीवरील तर नाही ना, हे आधी तपासावे लागते.

सबंध झाड एकदम दाखविणे निरर्थक असते. फांद्या मिटून ठेवाव्या आणि हव्या तेवढ्याच उलगडाव्या, ही कल्पना अमेरिकेतील डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील प्रसिद्ध प्रात्यक्षिकात दाखविली. त्यांनी उदाहरण घेतले होते बाजारहाटाच्या यादीचे. तिचे वर्ग व पोटवर्ग पाडून त्यांनी ती पडद्यावर उलगडून आणि मिटवून दाखविली. १९९५ साली ‘विंडोज ९५’ बाजारात आली. तिच्यातील डाव्या बाजूची ती अधिकचिन्हांची यादी घरोघर पोहोचली आणि झाडाच्या उलगडत्या चित्राची सवय सर्वसामान्यांस झाली.

येथे नवशिक्या आज्ञावलीकाराचा पाय हमखास घसरतो. कोणती फांदी उलगडलेली आहे ही माहिती कोठे ठेवावयाची? तो ती झाडातच, त्या जिल्ह्याच्या ओळीशेजारी, लिहून टाकतो. पण दुर्ग उलगडलेला असणे हा दुर्गचा गुण नव्हे. तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. एकच झाड एकाच वेळी हजार माणसे पाहत असतात आणि प्रत्येकाने निराळी फांदी उलगडलेली असते. तेव्हा झाड एका जागी आणि उलगडलेल्या पेरांच्या क्रमांकांची छोटी यादी दुसऱ्या जागी, अशी फारकत केली पाहिजे. पडद्यावर जे दिसते ते या दोहोंचा मिळून काढलेला फलितार्थ असतो. तो साठवावयाचा नसतो, दर वेळी नव्याने काढावयाचा असतो. या यादीत क्रमांकच असावेत, ओळींची स्थाने नसावीत. ‘वरून सातवी ओळ उलगडलेली’ असे लिहून ठेवले आणि वर्णानुक्रमाने मध्येच एक नवा जिल्हा आला, तर उलगडलेपण शेजाऱ्याकडे जाते आणि वापरणारा गोंधळतो. २०१२ साली दुर्गमधून बालोद व बेमेतरा हे दोन जिल्हे निघाले. २००० साली सोळा असलेल्या छत्तीसगडच्या जिल्ह्यांची संख्या २०२२ पर्यंत तेहतीस झाली. तेव्हा ही अडचण काल्पनिक नव्हे.

उलगडण्याचा एक मोठा फायदा आकड्यांनी पटेल. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, सुमारे साडेतीनशे तालुके आणि चाळीस हजारांहून अधिक गावे आहेत. सारी गावे एकदम मागविली तर खेड्यातील मंद जोडणीवर अर्जाचे पान उघडणार कधी? त्याऐवजी प्रथम ३६ नावे आणावी. जिल्हा उलगडल्यावर सरासरीने दहा तालुके. तालुका उलगडल्यावर शंभर-सव्वाशे गावे. दीडशे-पावणेदोनशे नावांत काम भागते. यासाठी जनकाजवळ अपत्यांची संख्या आधीच नोंदलेली हवी. नाहीतर अधिकचिन्ह दाबावे आणि आत काहीच निघू नये, असा प्रकार होतो. आणखी एक काळजी घ्यावी लागते. माणसाने दुर्ग उलगडला, नावे येण्यास वेळ लागला म्हणून कंटाळून बालोद उलगडला, आणि आता दुर्गची नावे येऊन पोहोचली. ती ‘सध्या उलगडलेल्या’ फांदीस चिकटविली तर दुर्गची गावे बालोदखाली दिसू लागतील आणि घाईत कोणी ती निवडीलही. आलेल्या प्रत्येक नावाने आपला जनक क्रमांकाने सांगावा आणि तेथेच जाऊन बसावे.

झाडात शोध घेण्याचे शास्त्रही थोडे निराळे आहे. कोणी ‘कुम्हारी’ असे टंकले तर नुसते ते पान दाखवून भागत नाही, कारण त्याच नावाचे दुसरे गाव असू शकते. त्याचे सारे पूर्वज सोबत दाखवावे लागतात, मग त्यांची नावे शोधशब्दाशी जुळत नसली तरी. शोध संपला की वापरणाऱ्याने आधी ज्या फांद्या उलगडल्या होत्या त्याच पुन्हा दिसाव्या. शोधासाठी उलगडलेल्या नव्हेत.

चौकटीत खूण करून अनेक गावे निवडावयाची असली म्हणजे प्रश्न अधिक खोल जातो. जिल्ह्यातील काही गावांवर खूण असेल तर जिल्ह्याची चौकट ना भरलेली ना रिकामी, अर्धवट दाखवितात. ते ठीक. पण अधिकाऱ्याने ‘दुर्ग’ या पेरावरच खूण केली, तर त्याने काय निवडले? त्या दिवशी दुर्गमध्ये असलेली गावे, की दुर्ग या नावाखाली पुढे जे काही असेल ते? २०११ साली एखाद्या योजनेसाठी अशी खूण झाली असती, तर पहिल्या अर्थाने बालोदची गावे २०१२ नंतरही योजनेत राहिली असती आणि दुसऱ्या अर्थाने गळून पडली असती. पडद्यावर खूण एकच दिसते. अर्थ दोन निघतात आणि त्यावर माणसांचे पैसे अवलंबून असतात. यंत्र याचा निर्णय करू शकत नाही. तो योजना आखणाऱ्याने आधी करावयाचा आणि आज्ञावलीकाराने तसा लिहून घ्यावयाचा.

जुने कागदपत्र ज्यांना पाहावे लागतात त्यांची अडचण याच्याच जवळची. बालोद परिसरातील १९९५ च्या दाखल्यावर ‘जिल्हा दुर्ग, मध्य प्रदेश’ असेच लिहिलेले असणार आणि ते खोटे नाही. आजच्या झाडात ती वाट उरलेली नाही, एवढेच. यावर उपाय असा की, जनकाचा क्रमांक खोडून टाकण्याऐवजी प्रत्येक नात्यापुढे दोन तारखा लिहाव्या : केव्हापासून आणि केव्हापर्यंत. मग पडद्यास वर्ष सांगितले की त्या वर्षीचे झाड उभे राहते. यात कष्ट वाढतात हे खरे, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढे केले जात नाही. त्याचा भुर्दंड दाखला घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढणाऱ्यास बसतो.

हातात मावणाऱ्या फोनवर प्रत्येक पिढीस ओळ उजवीकडे सरकविणे परवडत नाही. पाचव्या पिढीस अक्षरांना जागाच उरत नाही. तेथे एका वेळी एकच पिढी दाखवून माथ्यावर आलेली वाट लिहावी, हे बरे.

ज्यांना पडदा दिसत नाही त्यांच्यासाठी तर सरकविलेल्या ओळीस काहीच अर्थ नसतो. त्यांच्याकरिता वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २०१४ साली संकेत ठरवून दिले आहेत. प्रत्येक पेराने आपली पिढी, भावंडांतील आपला क्रम, भावंडांची संख्या आणि आपण उलगडलेले आहोत की मिटलेले, हे यंत्रास सांगावयाचे. पडदा वाचून दाखविणारी आज्ञावली तेच शब्दांत उच्चारते. बाणाच्या चार कळांनी सारे झाड फिरता यावे, अशीही रीत ठरलेली आहे. उजव्या बाणाने फांदी उलगडते आणि पुन्हा दाबल्यास पहिल्या अपत्याकडे जाता येते; डाव्या बाणाने ती मिटते आणि पुन्हा दाबल्यास जनकाकडे परतता येते; वर-खाली बाणांनी दिसत असलेल्या ओळींवरूनच चालावयाचे. असे झाड नीट बांधलेले असेल, तर डोळ्यांनी न पाहणारा मनुष्यही छत्तीसगडावरून उजवीकडे, तेहतीस जिल्ह्यांतून खाली दुर्गपर्यंत, आणि पुन्हा उजवीकडे असे करीत आपल्या गावाच्या नावावर येऊन थांबू शकतो.